चाहूल न देता

आमच्या घरात कुणी कुणाच्या पाठीमागून बोलत नसे. खोलीत शिरण्याआधी खाकरायचं, असा नियम होता. तो कधी ठरला मला माहीत नाही. मला समजू लागलं तेव्हा तो होताच. वडील ओसरीवरूनच खाकरत यायचे. दादा फाटकापासून शीळ घालायचा आणि दारात आला की खाकरायचा. आणि माय आली की तिच्या बांगड्या किणकिणायच्या. माझ्या खोलीकडे येताना ती मनगट जरा जास्तच हलवायची, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशा वाजत येतात.

हे सारं माझ्यासाठी होतं. जन्मताना माझ्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. सेरेब्रल पाल्सी हा शब्द मी वाचायला शिकले त्याच सुमारास ऐकला. माझा उजवा हात कोपरात दुमडलेला, उजवा पाय ताठ, टाच जमिनीला टेकत नाही. बोलणं थोडं सावकाश. या सगळ्याची सवय होते. सवय होत नाही ती दचकण्याची. अचानक आवाज झाला की माझं उजवं अंग माझं राहत नाही. हात छातीकडे उसळतो, पाय पुढे झेपावतो, हातातला चहा सांडतो. मी घाबरलेली नसते. घाबरायला वेळच मिळत नाही. शरीर माझ्या आधी ऐकतं. पण आधी थोडी चाहूल लागली, एवढीशी जरी, तर काहीच होत नाही.

वडील गेले तेव्हा आम्ही नांदेडला राहत होतो आणि मी कॉलेजात होते. दहाव्याला आत्या आणि भावकीतल्या बाया मायच्या बांगड्या वाढवायला बसल्या. आमच्याकडे बांगडी फोडली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. देवापुढचा नारळही फोडत नाहीत, वाढवतात. जे मोडायचं त्याला वाढीचं नाव द्यायचं. मायनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“वैनी, हात पुढं कर,” आत्या म्हणाली.

“हिरव्या काढते. साध्या काचेच्या घालते.”

“काचेच्या कामून? सोन्याच्या पाटल्या घाल की. त्याला कोण नाव ठेवतंय?”

“पाटली वाजत न्हाई.”

“आता वाजून काय करायचंय, बाई? लोक काय म्हणतील?”

“लोकाच्या लेकी दचकत न्हाईत,” माय म्हणाली.

मायच्या हातात गडद तपकिरी काचेच्या बांगड्या आल्या, आणि आत्या पुढं कितीतरी सणांना आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायली नाही.

पुढे मला चाकूरच्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायची नोकरी लागली. मायनं आणि मी लातूरला बिऱ्हाड केलं. दादा नांदेडलाच त्याच्या संसारात राहिला. लातूर ते चाकूर रोजचं जाणं-येणं. एसटीची पायरी उंच, आणि काळीपिवळीत उजवा पाय ठेवायला जागा नसायची. एकदा ड्रायव्हरनं कचकन हॉर्न दाबला आणि माझ्या कोपरानं शेजारच्या आजोबांचा चष्मा उडाला. त्यांनी तो पुसून पुन्हा घातला आणि म्हणाले, “ऱ्हाऊ दे, पोरी.” त्यांचा तो समजूतदारपणा मला शिवीपेक्षा जास्त लागला. त्या महिन्यात मी ठरवलं, आपली गाडी घ्यायची आणि आपण चालवायची.

गिअर नसलेली गाडी घेतली. गॅरेजवाल्यानं डाव्या पायासाठी वेगळा ॲक्सिलरेटर बसवला आणि उजवीकडच्यावर पत्र्याचं झाकण घातलं, म्हणजे उजवा पाय कितीही झेपावला तरी पत्र्यावरच आपटेल. गाडी दारात आली तेव्हा मायनं चाकापुढे नारळ वाढवला. वाढवण्याआधी तिच्या बांगड्या वाजल्या होत्या. मी दचकले नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

दादा नांदेडहून आला तो गाडी न बघताच ओसरीवर बसला.

“रस्ता काय आपल्या घरातला हाय का? तिथं कोण खाकरून येणार तुझ्या मागं?”

“झाकण बसवलंय, दादा.”

“झाकण पायाला बसवलंस. तुला बसवलंस का? तू शिकलेली हायस, तूच सांग. तू दचकलीस अन् समोर कुणाचं लेकरू आलं, तर?”

तो दुष्टपणानं बोलत नव्हता. लहानपणी फटाक्यांच्या दिवसांत माझे कान हातांनी झाकून तो तासन् तास बसलेला आहे. अखेर मी म्हणाले, “नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरांना विचारू.”

“ते फिट म्हणले तर मी गप बसतो. न्हाई म्हणले तर गाडी दारातून जाईल. कबूल?”

“कबूल.”

डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवून हात-पाय वाकवून बघितले, नजर तपासली, प्रश्न विचारले. दादा बाहेर बाकावर होता. माय माझ्या समोरच्या स्टुलावर, मांडीवर पिशवी घेऊन. मग डॉक्टर बोलत बोलत उठले, माझ्या मागे गेले आणि त्यांनी जोरात टाळी वाजवली.

मी हलले नाही.

थोडं थांबून त्यांनी पुन्हा वाजवली. मी हलले नाही. मला स्वतःचंच नवल वाटलं. समोर भिंतीवर एका औषधाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावरचा धबधबा मला अजून आठवतो. त्याच्याकडे बघताना मनात आलं की वय वाढलं तसं हे गेलं असेल. माय खाली बघत होती. डॉक्टरांनी लिहून दिलं की गाडी चालवायला हरकत नाही. दादानं तो कागद दोनदा वाचला आणि शब्द पाळला. गप्प बसला.

शिकाऊ लायसन्स मिळालं. शिकवायला लातूरचे एक मास्तर यायचे. ते माझ्या शेजारी, माय मागच्या सीटवर. ती कापसाच्या वाती वळत बसायची आणि अधूनमधून मान वळवून मागच्या काचेतून रस्ता बघायची. मला वाटायचं, हौस आहे. आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून बाजूचंच दिसलं, आता मागचंही बघतेय. आधी ग्राउंडवर, मग गल्ल्यांत, मग चाकूरच्या रस्त्याला. मागून ट्रक यायचे, कर्णकर्कश हॉर्न देत निघून जायचे. मी सरळ चालवत राहायची.

“मॅडम, तुमचा कान लई तेज हाय,” मास्तर म्हणायचे. “हॉर्न वाजायच्या आदीच तुमाला कळलालंय.”

मी हसायची. मला ते कौतुक वाटायचं.

एका सकाळी मायला ताप होता. “तू जा माय, सराव बुडवू नको,” ती अंथरुणातूनच म्हणाली. आमच्याकडे लेकीलाही माय म्हणतात. मी आणि मास्तर दोघंच निघालो. आष्टामोडच्या अलीकडे रस्ता मोकळा होता. ऊन अजून कोवळं. मास्तर त्यांच्या मेव्हण्याच्या लग्नाचं काहीतरी सांगत होते. उजवा हात मी नेहमीसारखा स्टिअरिंगवर नुसता टेकवला होता.

मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.

त्यानंतरचं मला तुकड्यांत आठवतं. उजवा हात छातीकडे आला आणि येताना बोटांत अडकलेलं स्टिअरिंग घेऊनच आला. गाडी उजवीकडे गेली. डावा पाय ताठरला तोही ॲक्सिलरेटरवरच. समोरून एक मोटरसायकल येत होती. माणूस, मागे बाई, आणि पुढे टाकीवर पिवळं टोपडं घातलेलं लेकरू. लेकरू माझ्याकडे बघत होतं. मास्तरांनी एका हातानं स्टिअरिंग ओढलं, दुसऱ्यानं हँडब्रेक. मोटरसायकल रस्त्याखाली मुरमात उतरली, वेडीवाकडी झाली आणि उभी राहिली. पडली नाही.

माणूस गाडी बायकोच्या हाती देऊन आमच्याकडे आला.

“डोळे फुटले का तुझे?” मग त्याची नजर काचेवरच्या अपंगांच्या खुणेवर गेली, माझ्या हातावर गेली. “अशी हायस तं घरी बसावं ना! दुसऱ्याचं लेकरू मारायला निघालीस का?”

मास्तर काही बोलू लागले, मी त्यांना थांबवलं.

“चला वो, लेकरू भेलंय,” मागून बाई म्हणाली. तिनं लेकराचं तोंड पदरात घेतलं होतं. ते रडत नव्हतं. रडलं असतं तर बरं वाटलं असतं.

परत येताना गाडी मास्तरांनी चालवली. उतरताना एवढंच म्हणाले, “थोडे दिवस ग्राउंडवरच चालवू, मॅडम.”

मी ओसरीवर बसून राहिले. इतके दिवस झालं नाही ते आजच का झालं, हे मला कळत नव्हतं. खांदे कानांपर्यंत आवळलेले होते. तेवढ्यात आत मायनं कूस बदलली. बांगड्या वाजल्या. माझे खांदे आपोआप खाली आले.

मग मला कळलं.

मी आत जाऊन तिच्या उशाशी बसले आणि झालेलं सगळं सांगितलं. लेकराचं टोपडंसुद्धा. मग विचारलं, “माय, गाडीत तू हात हलवतीस का?”

ती आढ्याकडे बघू लागली.

“मागं टरक दिसला की हलतो.”

“हलतो का हलवतीस?”

“आपोआप हलतो गं. इतक्या वर्षांचा हात हाय, मला इचारून हलतो का?”

“अन् डॉक्टरांकडं?”

“मी म्होरंच बसले होते. त्यानं टाळीला हात उचलले, मला दिसले.” तिचा आवाज बारीक झाला. “देवाशपथ, तिथं माझा हात हलला, त्याचा मला पत्ताच न्हाई लागला. तू दचकली न्हाईस, मलाबी वाटलं माझी लेक बरी झाली.”

“मग ते फिट कुणाला म्हणाले, माय? मला का तुझ्या बांगड्यांला?”

हे मी जरा कडूपणानं म्हणाले. दादाला फोन करायला हवा होता. दोघींपैकी कुणी केला नाही.

ताप उतरल्यावर एका दुपारी ती न्हाणीत गेली, साबणानं हात चोळून बांगड्या काढू लागली. काही निघाल्या. काही निघेनात, वयानं हात सुजले होते. मी खोलीत वह्या तपासत होते. ती उंबरठ्यापाशी येऊन बसली, आणि कसलीही चाहूल न देता तिनं मनगट उंबरठ्यावर आपटलं.

माझ्या हातातलं पेन भिंतीवर गेलं. उजवा पाय टेबलाच्या पायाला लागला. इतक्या वर्षांत या घरात मी पहिल्यांदाच अशी दचकले होते. मी वळून बघितलं. माय पदरात काचा गोळा करत होती.

“वाढवल्या,” ती म्हणाली. “आता तूच बघ.”

नवऱ्यासाठी जे तिनं केलं नव्हतं, ते असं दुपारच्या उन्हात, कुणी बाया न जमवता झालं. तिच्या मनगटांवर फिकट वळ उमटलेले होते. ते बरेच दिवस गेले नाहीत.

तेव्हापासून घरातलं सगळं उलटं झालं. माय अनवाणी, चोरपावलानं यायची आणि माझ्या मागे पातेल्यावरचं झाकण टाकायची. सुरुवातीला टाकल्यावर लगेच “चुकले माय, चुकले,” म्हणायची. पुढे तिला त्यात गंमत वाटायला लागली. दचकणं जाणार नव्हतं, ते दोघींना कळून चुकलं होतं. उजवं अंग उसळणारच. प्रश्न डाव्या पायाचा होता, तो जागेवर राहतो का. ते बघायला मायनं युक्ती काढली. उन्हाळ्यात केलेल्या कुरडयांच्या डब्यातून एक कुरडई काढली, आधी तिला हात जोडले, कारण अन्नाला पाय लावायचा होता, मग ती फडक्यात गुंडाळून माझ्या डाव्या तळव्याखाली ठेवली. झाकण पडल्यावर पाय जरा जरी दाबला गेला तर कुरडईचा चुरा. चुरा ती अंगणात चिमण्यांना टाकायची.

“आज चिमण्या उपाशी ठिवतीस का न्हाई?” असं रोज विचारायची.

कित्येक आठवडे चिमण्या उपाशी राहिल्या नाहीत. मग हळूहळू राहू लागल्या. मास्तरांनी स्टिअरिंगला एक लट्टू बसवला. डाव्या हातानं तेवढा धरून गाडी वळवायची आणि उजवा हात मांडीवर, ओढणीखाली बांधून ठेवायचा. ग्राउंडवर मास्तर मागे उभे राहून पत्र्याचा डबा बडवायचे. गाडी वाकडी जात नव्हती. पण ग्राउंडवर समोर लेकरू नसतं, हे मला रोज आठवायचं.

“नांदेडला पुन्हा जाऊ,” मी मायला म्हणाले. “डॉक्टरांना सगळं सांगू. तू बाहेर बसायचं.”

“बाहेर बसते. दाराला कानबी लावत न्हाई.”

जायचं ठरलं होतं त्या आठवड्यात, एका सकाळी मी खिडकीपाशी वाचत बसले होते. पायाखाली कुरडई होती. स्वयंपाकघरात मोठा आवाज झाला. उजवा हात उसळला, पुस्तक पडलं. मी वाकून बघितलं. कुरडई शाबूत होती.

“माय, बघ,” मी ओरडले. “हललाच न्हाई पाय!”

ती काही बोलली नाही. मला वाटलं, हसत असेल. मी आणखी एकदा हाक मारली. मग उठले.

घरी आलेले डॉक्टर म्हणाले, आई क्षणात गेल्या. तुम्ही धावत गेला असता तरी उपयोग नव्हता. मी धावू शकत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या या वाक्यावर मी अजूनही थांबते. लिहिताना या ठिकाणी मी बरेच दिवस थांबले होते.

तेराव्यानंतर दादा ओसरीवर बसला होता. दारात गाडी उभी होती, तिच्यावर धूळ बसली होती.

“आता काय करायचं हिचं?” तो म्हणाला. “मायच्या जिवावर चाललं होतं.”

मायच्या जिवावर. त्याला माहीत नसतानाही तो खरं बोलला होता. मग मी त्याला सगळं सांगितलं. बांगड्या, टाळी, आष्टामोड, टोपडं. तो ऐकत असताना त्याचा चेहरा लाल होत गेला.

“म्हणजे तू मारलंच असतंस.”

“हो.”

“अन् तरी चालवायचीच हाय?”

“डॉक्टर पुन्हा बघतील. ते नाही म्हणाले तर तू म्हणशील तसं. आपलं कबूल झालंय.”

दादानं मला त्याच्या गाडीनं नांदेडला न्यायचं म्हटलं. मी म्हटलं, माझी न्यायची, जाताना तू चालव. तो डाव्या पायाच्या ॲक्सिलरेटरवर पुटपुटत, दोनदा चुकीचा पाय टाकत, गॅरेजवाल्याला शिव्या देत नांदेडपर्यंत घेऊन गेला.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला. “म्हणजे मागच्या वेळी मी तपासलं ते तुमच्या आईला,” ते म्हणाले. त्यांनी दादालाही बाहेर बसवलं. खोलीत आम्ही दोघंच. मला माझ्या श्वासाचा आवाज येत होता. ते बराच वेळ मागे उभे राहिले. टाळी येईना. मी कॅलेंडर शोधलं. तिथं आता दुसरंच होतं. मग टाळी आली आणि माझा उजवा हात टेबलावर असा आपटला की त्यांची पेनं घरंगळली. ते पुढे आले. माझ्या हाताकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. डाव्या पायाकडे बघत होते. मला चालत्या गाडीत बसवून बघायचं म्हणाले. दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत ते मागच्या सीटवर बसले आणि हवी तेव्हा, हवी तशी टाळी वाजवत राहिले.

“दचकणार तुम्ही,” शेवटी म्हणाले. “जन्मभर. पण गाडी दचकत नाही, एवढं मला दिसलं. उजवा हात कधीही स्टिअरिंगवर नाही. थकलेल्या दिवशी, ताप असताना नाही. दरवर्षी मला दाखवायचं. सल्ला म्हणून नव्हे, अट म्हणून.”

परतीच्या वाटेवर मी चालवायला बसले. दादाकडे लायसन्स होतं, तो शेजारी. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. दादानं सीटची कड धरली होती ती सोडली नव्हती. मागची सीट रिकामी होती. मी आरशात बघत होते ते रस्त्यासाठी, पण मध्ये ती सीटही दिसत होती.

अहमदपूरच्या पुढे आरशात एक ट्रक दिसला. मला दिसला तसा दादालाही त्याच्या बाजूच्या आरशात दिसला. समोरून मोटरसायकली येत होत्या. दादाची छाती भरून आली, गळा हलला. मला कळलं, तो खाकरणार. लहानपणापासूनचा त्याचाही गळा होता. त्याला विचारून थोडाच हलणार होता. बोलायला वेळही नव्हता.

त्यानं तोंडावर मूठ धरली आणि ते खाकरणं गिळलं.

हॉर्न वाजला. ओढणीखाली माझा हात उसळला, उजवा पाय पत्र्यावर खणकन आपटला. दादानं डोळे मिटले. ट्रक बाजूनं गेला, त्याची हवा गाडीला लागली. समोरच्या मोटरसायकली आपापल्या बाजूनं गेल्या. आम्ही आमच्या बाजूला होतो.

बऱ्याच वेळानं दादानं डोळे उघडले. सीटची कड सोडून हात मांडीवर पुसले.

“चाकूरला चहा पाजतीस का?”

“थांबू की.”

चाकूर आल्यावर मी गाडी हॉटेलच्या बाजूला लावली. तो उतरला, दार लावलं आणि खिडकीतून आत वाकला.

“आरटीओच्या परीक्षेला मी येणार न्हाई,” तो म्हणाला. “तू तुझी जा.”